ताडपत्रीची उगवणक्षमता

नाव : योगेंद्र. पदनाम : वस्तुनोंद प्रमुख. मुख्यालय : सिंदी (रेल्वे). अधिकारक्षेत्र : सिंदी, पवनार व समुद्रपूर येथील एकाच मालकाची तिन्ही कृषी केंद्रे. विशेष अर्हता : पासवर्ड.

हे पद मालक हिरालालशेठ यांनी दिलेले नाही. योगेंद्रनेच ते कागदावर छापून खुर्चीमागे चिकटवले. काम एवढेच, की नवा माल आला की त्याची माहिती कॉम्प्युटरात भरायची : नाव, माप, कर, हंगाम. दर वेळी सगळे रकाने भरण्याचा कंटाळा, म्हणून अक्षयतृतीयेला शेठजींच्या हातून नारळ फोडून त्याने एक नमुना तयार केला. त्याची नक्कल काढायची, नाव बदलायचे, झाले. कल्पना वाईट नव्हती. फक्त नमुना कपाशीच्या बियाण्याचा होता, आणि त्यातून पंप, दोर, ताडपत्री सगळेच निघू लागले.

शेठजींची सून दिपाली कॉम्प्युटर शिकलेली. तिला ती खुर्ची हवी होती आणि ती हे लपवत नसे.

"योगेंद्रभाऊ, ताडपत्रीले बियाण्याचा नमुना काऊन लावला? वेगळा करा ना."

"मुहूर्ताचा नमुना हाय, वहिनी. वर्षभर त्याले हात नाई लागत. तुमी घरातलं पाहा."

एवढे बोलून त्याने पासवर्ड बदलला. तिचे म्हणणे तो एरवीही ऐकत नसे. बरोबर असले तर मुळीच नाही.

नोव्हेंबरात आभाळ भरून आले. वेचलेला कापूस अंगणात उघडा टाकून महादेवराव ताडपत्रीसाठी धावत आले. बिल निघेना. पडद्यावर आले : खरीप हंगाम समाप्त, विक्री बंद.

"ताडपत्री पेरून राह्यलो काय मी?"

"सिस्टीम नाई म्हणते, काका."

दिपालीने मागून वाकून पाहिले आणि गल्ल्यावरच्या सासऱ्यांना सांगितले, "मामाजी, इथं ताडपत्रीची उगवणक्षमता पंच्याहत्तर टक्के लिहिली हाय."

"म्हणजे चार नेल्या त तीन उगवतीन," महादेवराव म्हणाले. "चार दे मंग. पण लवकर दे बे, थेंब पडून राह्यले!"

"हंगाम बदलव," शेठजी ओरडले.

"मुहूर्त मोडू काय, शेठजी? नारळ तुमीच फोडलता."

तेवढ्यात महादेवराव रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरले आणि निळी ताडपत्री खांद्यावर टाकून बाहेर आले. जाताना त्यांनी इकडे पाहिलेही नाही. मालकाजवळ उत्तर नसले की तो निर्णय घेतो.

"पासवर्ड सूनबाईले दे," शेठजी म्हणाले. "अन् ऊठ तिथून."

दिपालीने त्याच दुपारी ताडपत्रीचा वेगळा नमुना केला. नारळ फोडला नाही. वस्तुनोंद प्रमुखांचा कागद मात्र तिने खुर्चीमागे तसाच राहू दिला. आल्यागेल्याला वाचून दाखवायला बरा पडतो.

योगेंद्र मागच्या गोदामात ताडपत्री कापतो.