बंद लिफ्टचा गृहपाठ

वसईजवळच्या आचोळ्यातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट दोन वर्षांपूर्वी वीज गेल्यामुळे पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मध्ये थांबली, तेव्हा आत मी एकटीच होते. चाळीस मिनिटं. हातात मेथीची जुडी आणि दोन नारळ, मोबाइलला रेंज नाही आणि वॉचमन चहाला गेलेला. पहिली पाच मिनिटं मी घंटेचं बटण दाबत राहिले. मग छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता इथेच, मेथीसकट, संपणार याची मला पूर्ण खात्री पटली.

संपले नाही. बाहेर आल्यावर कार्डिओग्राम काढला, तोही निर्दोष निघाला. पण त्यानंतर मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नाही. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. विचारणाऱ्यांना मी सांगत असे की जिना चढणं प्रकृतीला चांगलं. लोकांना ते पटायचं, दोघातिघांनी तर माझं पाहून जिना चढायला सुरुवातही केली.

मग उजवा गुडघा गेला. हाडांच्या डॉक्टरांनी सांधा बदलायचं ठरवलं, चार महिन्यांनंतरची वेळ दिली आणि वर बजावलं, "नंतर तीन महिने सात मजल्यांचे जिने विसरा."

नवऱ्याने त्यावर लगेच तोडगा काढला. "तीन महिने ताईकडे राहू. तळमजला आहे."

ताई म्हणजे माझी नणंद, पापडीला राहते. प्रेमळ आहे. तिच्या घरी पाहुण्याने आंघोळ किती वाजता करावी आणि कितव्या पोळीला नको म्हणावं, हेसुद्धा तीच प्रेमाने ठरवते. एकदा मी तिच्याकडे पाच दिवस राहिले होते. सहाव्या दिवशी स्वतःच्या घरी परतल्यावरही मी परवानगी घेऊन पुस्तक वाचायला लागले होते. म्हणजे माझ्यासमोर दोनच वाटा होत्या, लिफ्ट किंवा नणंद. माझं स्वतःचं घर, माझी खुर्ची, माझी पुस्तकं हे सगळं लिफ्टच्या पलीकडे होतं.

मुलीने फोनवर सांगितलं, "आई, सीबीटी कर." मला ती रक्ताची तपासणी वाटली. विचार आणि वागणं यांवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत आहे, असं तिने समजावलं. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शिक्षकाला 'विचार बदला' हे सांगायची सवय असते, ऐकायची नसते.

शोध फुलपाड्यापासून सुरू झाला, कारण तिथल्या समुपदेशकाचा फलक सगळ्यांत मोठा होता. आत भिंतभर चौकटीतली प्रमाणपत्रं, काचेच्या कपाटात स्मृतिचिन्हं आणि शाल पांघरलेला त्यांचाच मोठा फोटो. तीन बैठकांत भीती मुळासकट उपटून देतो, असं ते म्हणाले. मी विचारलं, "तुमचं शिक्षण?" त्यांनी हाताने भिंत दाखवली. मी उठून भिंत वाचली. आयुष्यभर प्रमाणपत्रं वाटलेल्या बाईला ती वाचताही येतात. निम्म्याहून अधिक 'सहभागाबद्दल' होती. मी त्यांचे आभार मानले आणि माझा सहभाग तिथेच संपवला.

दुसरी बाई वसई पश्चिमेची. रीतसर शिकलेली, नोंदणी असलेली, शांतपणे ऐकून घेणारी. अडचण एकच होती, तिला इंग्रजी आणि हिंदी यायचं, मराठी कामापुरतं. 'जीव घाबराघुबरा होतो' याचं मी इंग्रजी करायला बसायचे आणि तेवढ्यात घाबरणं निघून जायचं. एका अर्थी गुण येत होता. पण भीती मला मराठीत वाटत होती. दुसऱ्या भेटीनंतर तिनेच मोकळेपणाने सांगितलं की तुम्हाला मराठी बोलणारी व्यक्ती हवी, आणि एक नाव लिहून दिलं. एवढा प्रामाणिकपणा मी पुष्कळ मोठ्या माणसांत पाहिलेला नाही.

ते नाव एका बेकरीच्या वरच्या खोलीत बसायचं. पस्तिशीची, वसईतल्याच जुन्या घराण्यातली. तिने पहिलंच वाक्य "पानी देऊ?" असं म्हटलं आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. तिला मी परत झोपवलं, कारण पाणी खरोखरच हवं होतं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, बाकी काही नाही.

मी थेट परीक्षा घेतली. "डॉक्टर, तुम्ही काय शिकलात?"

"मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. मानसशास्त्रात एम. फिल. केलंय, रुग्णालयात काम केलंय. हा नोंदणी क्रमांक, घरी जाऊन तपासा."

"किती दिवस लागतील?"

"दहा-बारा भेटी धरा. सहाव्या भेटीला दोघी मिळून बघू. फरक नसला तर मीच सांगेन, दुसरीकडे पाठवेन."

"भीती पूर्ण जाईल?"

"नाही सांगता येणार. तुम्हाला लिफ्टने घरी जायचंय ना? त्याच्यावर काम करू."

मला ती आवडली. तिने कशाचीही हमी दिली नव्हती.

त्या दिवशी तिने बेकरीच्या बिलामागे चार शब्द लिहून बाणांनी जोडले: विचार, शरीर, भावना, कृती. लिफ्ट दिसली की 'मी गुदमरणार' हा विचार येतो. छाती धडधडते. धडधडीने भीती वाढते. मी जिन्याकडे वळते आणि जिवात जीव येतो. "आता बघा बाई," ती म्हणाली (मी शिक्षिका आहे हे कळल्यापासून मी बाईच झाले होते), "तुमच्या मनाला वाटतं, जिन्याने गेले म्हणून वाचले. लिफ्टने गेल्यावर काय होतं, हे त्याला कळायची संधीच तुम्ही देत नाही. दोन वर्षं एकच धडा घोकताय, आणि तोही चुकीचा."

घोकंपट्टीचा आरोप माझ्यावर प्रथमच झाला होता.

गृहपाठ असा होता: लिफ्टपाशी उभं राहायचं, मनात आलेला विचार लिहायचा, त्यावर किती टक्के विश्वास आहे ते लिहायचं, त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे आणि शेवटी अधिक समतोल विचार लिहायचा. मी दोनशे पानी वही आणली, समास आखला, आठवड्याभरात नऊ पानं लिहिली. अक्षर तर देखणंच. तिने ती शांतपणे वाचली.

"छान लिहिलंय. यातलं तुमचं कुठलं?"

"सगळं माझंच आहे."

"शेवटचा रकाना आधी भरलाय ना?"

खरंच आधी भरला होता. मी उत्तर ठरवून त्याला शोभेल असा प्रश्न मागे रचला होता. मुलं गाइडमधून उत्तरं उतरवतात म्हणून मी बत्तीस वर्षं त्यांना वर्गाबाहेर काढलं, आणि साठीत माझीच वही पकडली गेली.

"मला आवडेल असं लिहू नका," ती म्हणाली. "तिथे उभं राहून मनात येईल ते लिहा. घाण अक्षरात लिहा."

पुढच्या आठवड्यात फाटक्या कागदांवर लिहिलं. 'मरणार. ८०.' 'सगळे हसतील. ६०.' 'तो वॉचमन पुन्हा चहाला गेला असेल. १००.' हे तिला फार आवडलं.

मग पायऱ्या ठरल्या. दार उघडं ठेवून आत उभं राहायचं, मग एक मजला, मग दोन. इथे इमारतीने घोटाळा केला. मी उपचार घेतेय ही बातमी नवऱ्याने 'कोणाला सांगू नका' असं बजावून चौघांना सांगितली होती. आमच्या इमारतीत कोणाला ताप आला की चार घरांतून पेज येते, तसा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या सोबतीचा तक्ता लागला. सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, दुपारी पहिल्या मजल्यावरचे आजोबा, संध्याकाळी जो रिकामा असेल तो. मी लिफ्टकडे निघाले की कोणीतरी चपला घालून हजर. एकदा तर आम्ही पाच जण विनाकारण चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन आलो.

मी अभिमानाने सांगितलं, "अकरा वेळा गेले."

"एकटी?"

"छे, सोबत होती. फार चांगली माणसं आहेत हो."

"मग अकरा वेळा शेजारी गेले," ती म्हणाली. "तुम्ही कधी जाणार?"

शेजाऱ्यांना परतवणं हा सगळ्या उपचारातला अवघड भाग ठरला. पेजेचं भांडं परत करता येतं, सोबत कशी परत करणार? वहिनी आठवडाभर फुगून होत्या. आजोबा म्हणाले, "मग मी दुपारी काय करू?" तरी एकटीने पाच मजल्यांपर्यंत पोचले. भीती यायची, वर चढायची आणि मी काहीही न करता थोड्या वेळाने खाली यायची. हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

तरी मूळ प्रश्न होताच. "पण वीज गेली तर?"

"जाईल की. आचोळ्यात राहता तुम्ही." ती हसली नाही. "अडकणार नाही असं मी सांगणार नाही. अडकलात तर निभावता येतं, हे बघायचंय. अडकून बघू या का?"

लिफ्टची दर महिन्याची तपासणी करायला मेकॅनिक आला, त्या दिवशी ती स्कूटर घेऊन आमच्याकडे आली. बेत साधा होता. लिफ्ट तळमजल्यावर, दार बंद, आत मी, आणि मेकॅनिकने मुख्य खटका बंद करायचा. सहा मिनिटं. ती आणि मेकॅनिक बाहेर.

मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, लोक आतून बाहेर काढायला बोलावतात. आत ठेवायला पहिल्यांदाच कोणी बोलावलं."

सोसायटीचे सेक्रेटरी साधा नळ बदलायचा तरी ठराव मांडणारे. ते धावत आले. "काही झालं तर जबाबदारी कोणाची? अर्ज द्या. दोन प्रतींत." मी एकाच प्रतीत लिहिलं, 'मी स्वखुशीने लिफ्टमध्ये अडकत आहे.' त्यांनी त्यावर शिक्का मारला.

आत जाण्याआधी मी कागदावर लिहिलं, 'श्वास बंद पडेल. ७०. ओरडेन. ९०.' दार सरकलं. दिवा गेला, पंखा थांबला.

पहिलं मिनिट भयंकर होतं. धडधड, मुंग्या, घाम, सगळी जुनी मंडळी आली. हात दाराकडे गेला. तिने शिकवल्याप्रमाणे मी त्यांना हाकललं नाही आणि बोलावलंही नाही. बाहेर सेक्रेटरी मेकॅनिकला लिफ्टच्या नियमावलीतलं कलम समजावत होते, तो "हो साहेब, हो साहेब" म्हणत होता. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मी ते कलम ऐकतेय आणि मनात त्यांचं वाक्य दुरुस्त करतेय. श्वास चालू होता. कंटाळा यायला लागला होता. त्या लिफ्टमध्ये मला कंटाळा येऊ शकतो, ही माझ्यासाठी मोठीच बातमी होती.

दार उघडल्यावर तिने कागद पुढे केला. मी लिहिलं, 'घाम आला. मुंग्या आल्या. श्वास बंद पडला नाही. ओरडले नाही. सेक्रेटरी बोलत होते.' ती म्हणाली, "आता हे तुमचं."

ऑपरेशन ठरल्या वेळी झालं. नणंदेने खोली तयार ठेवली होती, पडदेसुद्धा धुतले होते. तिला मी दवाखान्यातूनच फोन केला. "ताई, मी घरी जाते. तुम्हीच या राहायला, चार दिवस."

"चार दिवस कशाला, आठ राहीन," ती म्हणाली. धोका होता, पण माझ्या घरात होता.

वॉकर घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले. नवरा पिशव्या सांभाळत मागून आला. दार लागलं. तिसऱ्या मजल्यापाशी छातीत ती ओळखीची धडधड सुरू झाली, पाचव्यापर्यंत राहिली, सहाव्यानंतर ओसरली. सातव्या मजल्यावर दार उघडलं. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता.

"तू घाबरली नाहीस?" त्याने विचारलं.

"घाबरले की," मी म्हटलं. "किल्ली काढा आधी, गुडघा दुखतोय."