नाय कळलं

आमच्या कर्जतच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम भिवपुरीकडच्या शेतकरी घरातल्या. बोलणं अजून गावचंच. वर्गात कुणीतरी एकदा "नाय कळलं" म्हटल्याशिवाय त्या पुढं सरकत नाहीत. "सगळ्यांनाच कळलं? मग कोणतरी खोटं बोलतंय रं!" शेजारच्या वर्गात शिकवताना मला हे ऐकू यायचं आणि जरा अतीच वाटायचं.

परवा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांचा सत्कार झाला. त्यांचाच एक विद्यार्थी आता मोहोपाड्याच्या कारखान्यात मोठा साहेब आहे, त्याचाही झाला. शाल-नारळ घेऊन साहेब बोलायला उठला, तो थेट "ज्ञानयज्ञातील तेजस्वी समिधा" वगैरे वाचू लागला. मॅडमनी मांडीवरचा नारळ सावरत हात वर केला.

"नाय कळलं रं. सोपं करून सांग."

साहेबानं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"मॅडम, तुमी नसता तर मी पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं असतं."

"आता कळलं," म्हणत त्यांनी हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गात सवयीनं "कळलं ना?" म्हणून फळा पुसायला वळलो. मागून आवाज आला, "सर, नाय कळलं." पाठोपाठ आणखी एक.

मी डस्टर खाली ठेवलं.