गावानं लाईन सोडली

काल इथं बुलढाण्यात नात लॅपटॉपपुढे डोकं धरून बसली होती. सर्व्हर एरवी नीट चालतो, गर्दी झाली की अडकतो... शेवटी कारण काय निघालं, तर लोकांचं काम संपलं तरी त्यांची कनेक्शनं सुटतच नव्हती! मी थक्क. हे तर मी तिच्याएवढी असताना पाहिलंय.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी मी टेलिफोन ऑपरेटर होते. कुणी फोनचं हँडल फिरवलं की माझ्या बोर्डावर त्यांच्या नंबरची छोटी पत्र्याची झडप खाली पडायची, मी दोरीची पिन खोचून बोलणं जोडून द्यायची. बोलून झालं की त्यांनी पुन्हा हँडल फिरवायचं, मग मी दोरी काढायची. दोऱ्या मोजक्याच.

कापसाच्या हंगामात, बाजाराच्या दिवशी बोर्ड अडकायचा. सगळ्या दोऱ्या लागलेल्या, झडपा पडतायत आणि मी हतबल... मेकॅनिकनं बॅटरी, तारा, पिना सगळं तपासलं. गर्दी ओसरली की बोर्ड ठणठणीत!

अशाच एका दुपारी डॉक्टरांची झडप पडली. उचलायला दोरीच मोकळी नव्हती. तेवढ्यात त्यांचा कंपाउंडर धावत आला.

"ताई, लाईन काऊन लागून नाही राह्यली? अमडापूरच्या बाईले साप चावला. बुलढाण्याहून इंजेक्शन मागवा लागते!"

घाबरून मी एका दोरीवर कान लावला. पलीकडे कुणीच नाही... दुसरीवरही नाही. लोक बोलून केव्हाच उठले होते, फक्त हँडल फिरवायला विसरले होते! मी त्या दोऱ्या भराभर उपसल्या आणि डॉक्टरांना जोडून घेतलं.

पण बुलढाण्याला जोडणारी ट्रंक लाईन एकच, आणि तिच्यावर कापसाचे एक व्यापारी भाव विचारत होते. मी मधेच बोलले, "शेठ, साप चावलेली बाई आहे... लाईन सोडता?"

"हाव ताई, घ्या. आधी तिले वाचवा."

मग जे झालं, त्यानं आजही अंगावर काटा येतो. एकेक झडप पडू लागली... चालू बोलणी सोडून लोक हँडल फिरवत होते. मी दोऱ्या काढत गेले. बोर्ड रिकामा झाला आणि त्यानंतर एकही झडप पडेना. भर बाजाराच्या दिवशी!

डॉक्टरांचं बोलणं झालं. तिकडून इंजेक्शन घेऊन जीप निघाली. तरी बोर्ड गप्पच.

दिवेलागणीला एक झडप पडली. डॉक्टरांचीच. "ताई, बाई शुद्धीवर आली. चहा मागून राह्यली."

दुसऱ्या दिवशी शेठना विचारलं, एवढ्या लोकांना सांगितलं तरी कुणी? ते म्हणाले, "मी शेजारच्याले सांगतलं. त्यानं त्याच्या शेजारच्याले."

पुढे खूप मोठी एक्सचेंज पाहिली, लाखो आवाज जोडले गेलेले पाहिले... पण सगळं गाव मिळून गप्प बसलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.