भिवातात्यांचे गाऱ्हाणे

भिवातात्या आमच्या देवळात गाऱ्हाणे घालायचे. गावाच्या वतीने ते देवाशी मोठ्याने बोलायचे आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, अशी आमच्याकडची रीत. पण तात्यांची ही सवय देवळापुरती नव्हती. माझी कोंबडी अंडी घालीना, तर कुंपणापलीकडून हात जोडून ओरडले, “बा देवा म्हाराजा! ह्या बायच्या कोंबयेक बुद्धी दी, नायतर माका तिची सागोती नि वडे तरी दी रे म्हाराजा!” मी मान खाली घालून हसले. “गो, व्हय म्हण! त्याशिवाय देवाक पोचणा नाय.” मी तशीच घरात पळाले. चारचौघांत बोलायची मला पहिल्यापासून भीती.

माझी जाऊ सुमती याच्या उलट. ती बंदरावर मासे विकायची. तात्यांना “म्हाताऱ्या” म्हणायची आणि एक बांगडा जास्तीचा घालायची. बंदरावर कंपनीविरुद्ध मोर्चा निघाला, त्या दिवशीही ती टोपली घेऊन कडेला बसली होती. पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी उडवली. एक तिच्या डोक्याला लागले आणि ती तिथेच गेली. मी शेजारीच होते.

पेपरात आले, धावपळीत पडून महिलेचा मृत्यू. ज्यांनी फोनवर चित्रण केले होते, त्यांच्या घरी जाऊन पोलिसांनी ते पुसायला लावले. मग गावात कोणी बोलेना. मीही नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी गावचे पुढारी तात्यांकडे आले. “तात्यानू, गाऱ्हाण्यात सुमतीचा नाव नको. तालुक्याचे साहेब येतले आसत.”

“मगे देवाक कोण सांगतला? देव पेपर वाचणा नाय रे बाबा.”

जत्रेला तात्यांनी भात, मासळी, मुंबईची मुले, सगळे देवाच्या कानावर घातले. मग म्हणाले, “आमची सुमती मासे इकूक गेल्ली. नळकांडा डोक्याक लागान मेली. ह्या खरा आसा रे म्हाराजा!”

कोणी व्हय म्हणेना. साहेब बघत होते. तात्या हात जोडून तसेच उभे.

बायकांच्या मागच्या रांगेतून मी म्हटले, “व्हय म्हाराजा.” मग मासेवाल्या म्हणाल्या. मग पुरुष.

बाहेर आल्यावर तात्या डोळे पुसत म्हणाले, “कोंबयेक नाय म्हटलंस, सुमतीक म्हटलंस. बरा केलंस गो बाय.”

गेल्या वर्षी तात्या गेले. आता गाऱ्हाणे त्यांचा पुतण्या घालतो. सुमतीचे वाक्य आले की तो थांबतो आणि मागच्या रांगेकडे बघतो.