पत्र तिचं, सही माझी

"मॅडम, योगिताचं शिफारसपत्र तुम्हीच लिहिलंय ना?"

फोन पुण्याहून होता, एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा. मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. मार्च संपत आला होता, धुळ्यातले पंखे गरम हवा फेकायला लागले होते, आणि त्या आठवड्यात मी एकोणतीस शिफारसपत्रं पाठवली होती. कुठली योगिता, हे आठवायचंसुद्धा त्राण नव्हतं.

"हो, मीच."

"त्यातलं एक वाक्य वाचतो. 'या विद्यार्थिनीला उत्तर येत असतं, पण ती हात वर करत नाही.' मॅडम, ती हात वर करत नाही, मग तिला उत्तर येतं हे तुम्हाला कसं कळलं?"

पत्र योगितानंच लिहिलं होतं. मी ते वाचलंही नव्हतं.

हे कसं होतं ते सांगते. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि ऑनर्स सेलची कोऑर्डिनेटर आहे. ऑनर्स म्हणजे तीन वर्षांच्या पदवीपुढचं चौथं वर्ष. त्यात रिसर्च प्रोजेक्ट असतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात मोठ्या संस्था निवडक मुलांना दोन महिने आपल्या लॅबमध्ये बोलावतात. त्याला समर फेलोशिप म्हणतात. अर्जासोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ते मुलाला न दाखवता शिक्षकानं परस्पर वेबसाइटवर टाकायचं असतं.

इथंच घोडं पेंड खातं. प्रिन्सिपॉल सरांना आकडा हवा असतो. "मॅडम, यंदा किती अर्ज? गेल्या वर्षीपेक्षा जास्त दिसले पाहिजेत." माझी तासिका, प्रॅक्टिकल, परीक्षेची कामं वेगळीच. मग आमच्याकडे सगळे करतात तेच मी करते. म्हणजे करायचे. "ड्राफ्ट तूच करून मेल कर." मुलं नेटवरून पत्र उतरवतात. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल. खाली नाव बदललं की झालं. मी ते उचलून वेबसाइटवर चिकटवायचे. शुद्ध पाट्या टाकायचं काम.

योगितानं मात्र नेटवरून काही घेतलं नव्हतं. फोन चालू असतानाच मी मेल उघडला. इंग्रजी मोडकं होतं, पण अर्थ लख्ख. ही विद्यार्थिनी वर्गात बोलत नाही. तिला उत्तर येत असतं, पण ती हात वर करत नाही. पहिल्या वर्षी तिला इंग्रजीतलं शिकवणं समजत नव्हतं. दिवाळीनंतर कापूस वेचणीमुळे ती तीन आठवडे गैरहजर होती. प्रॅक्टिकल तिला आवडतं.

"सर, पत्र तिनं लिहिलंय," मी म्हणाले. "मी न वाचता पाठवलं."

ते म्हणाले, "नियमानं अर्ज बाद होतो. पण मुलगी खरं बोलणारी दिसते. उद्या पाचपर्यंत तुम्ही स्वतः लिहिलेलं पत्र पाठवा. मी कमिटीपुढे ठेवीन. पहिलं पत्र कुणाचं होतं, हेही मला सांगावं लागेल."

त्या आठवड्यात त्यांच्याच संस्थेला मी आणखी चार पत्रं पाठवली होती. तीही मुलांनीच लिहिली होती. ते मी त्यांना सांगितलं नाही.

प्रिन्सिपॉल सरांना सांगणं भाग होतं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, कबूल कशाला केलंत? 'अनुभवावरून कळतं' म्हणायचं. हात दाखवून अवलक्षण!"

"सर, खोटं किती बोलायचं?"

"खोटं नाही हो, व्यवहार. बरं, तो अर्ज रिपोर्टमध्ये धरायचा की नाही?"

मी बाहेर आले.

योगिताला बोलावलं. पारोळ्याजवळच्या एका गावातून ती रोज एसटीनं यायची. ती दारातच उभी राहिली, मला आत ये म्हणावं लागलं. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "असं कसं लिहिलंस गं? स्वतःबद्दल कुणी असं लिहितं का?"

"तुम्हीच म्हणालात ना मॅडम, तुझं तूच लिही. स्वतःची तारीफ कशी लिहू? वाटलं, बाकीचं तुम्ही टाकाल."

"आणि नाही झालं पुण्याचं तर?"

"घरी आबा म्हणतात, पुण्याचं झालं तर चौथं वर्ष कर. नाही तर बी.एड.चा फॉर्म भर."

ती हे रडतबिडत बोलली नाही. बसचं टाइमटेबल सांगावं तसं सांगितलं. चूक माझी, तारांबळ माझी, आणि वर्ष तिचं जाणार होतं. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी लॅपटॉप उघडून बसले. योगिता तीन वर्षं माझी विद्यार्थिनी होती. टाइप केलं, हार्डवर्किंग. मग सिन्सिअर. पुढं काहीच सुचेना. तिच्याबद्दल मला जे ठाऊक होतं, ते तिच्याच पत्रातून कळलेलं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या वेळेला गेले. आमचे लॅब अटेंडंट नाना टेबलं पुसत होते. त्यांना विचारलं, "नाना, तिसऱ्या वर्षाची योगिता माहीत आहे?"

नानांनी फडकं खाली ठेवलं आणि त्यांच्या अहिराणीत सांगितलं, "तुम्हले मालूम नही का मॅडम? मी कुलूप काढस तवय ती दारशी उभी ऱ्हास. पहिली गाडी धरीसन येस. बठ्ठ्या बाटल्या धुईसन ठेवस. रीडिंग जुळनं तरी आखो एकदाव करस. मी म्हनस, पोरी, जुळनं ना? ती म्हनस, नाना, दोनदाव चुकीसन बी जुळू शकस."

आकडा जुळला तरी ती पुन्हा करून बघते. दोनदा चुकूनही आकडे जुळू शकतात. हे वाक्य मी सव्वीस वर्षं वर्गात सांगतेय. ते कुणी ऐकलं होतं, हे मला नानांकडून कळलं.

मग कपाटातून तिचं जर्नल काढलं. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये टायट्रेशन बरंच असतं. एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडायचं, रंग बदलला की थांबायचं, आणि किती सोडलं तो आकडा लिहायचा. ते रीडिंग. बहुतेक मुलं पुस्तकातल्या उत्तरावरून मागं येत आकडे बसवतात आणि सुंदर अक्षरात लिहितात. योगितानं चुकलेलं एकही रीडिंग पुसलं नव्हतं. त्यावर एक रेघ, आणि शेजारी कारण. 'घाई केली, रंग जास्त झाला.' 'नळीत हवेचा बुडबुडा होता.' 'कारण सापडलं नाही.'

खऱ्या संशोधकाची वही अशीच असते. आणि जवळजवळ प्रत्येक पानाखाली लाल शाईत माझा शेरा होता. अनटायडी. रीराइट. म्हणजे अव्यवस्थित, पुन्हा लिहा. खाली माझी सही.

दुपारचे दोन तास मी सहकाऱ्याला घ्यायला लावले आणि पत्र लिहिलं. नानांचं म्हणणं लिहिलं, जर्नलमधल्या रेघा लिहिल्या. तीन आठवड्यांच्या गैरहजेरीबद्दलही लिहिलं, परत आल्यावर महिनाभरात तिनं राहिलेली सगळी प्रॅक्टिकल भरून काढली होती हे रजिस्टरमध्ये बघून. माझ्या शेऱ्यांबद्दल मात्र लिहिलं नाही. तेवढा धीर झाला नाही. पाचला वीस मिनिटं कमी असताना पत्र गेलं.

महिन्यानं यादी लागली. योगिता वेटिंगवर तिसरी. वेटिंगमधल्या पहिल्या दोघांना बोलावणं आलं. तिसऱ्याला आलं नाही.

त्या शास्त्रज्ञांना मी फोन केला. ते सौम्यपणे म्हणाले, "तुमचं दुसरं पत्र यादीतल्या उत्तम पत्रांपैकी होतं. पण कमिटीत एक जण म्हणाले, पहिलं मुलीचं आणि दुसरं धावपळीत लिहिलेलं. कुणावर विश्वास ठेवायचा? यापुढे एकच लिहा मॅडम. पहिलंच."

त्याच संस्थेत आमच्या कॉलेजचा एक मुलगा लागला. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल. गेटवर त्याचं फ्लेक्स लागलं. त्यात कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून माझा फोटो होता. येता-जाता मी दुसरीकडे बघायचे.

जूनमध्ये योगिता दाखला न्यायला आली. जळगावला बी.एड.ला ॲडमिशन झाली होती. दाखला फाइलमध्ये ठेवून ती घुटमळली.

"मॅडम, ते पत्र मला वाचायला मिळेल का? माझ्याबद्दल कुणी काही लिहिलेलं मी कधी वाचलं नाही."

नियमात बसत नव्हतं. मी प्रिंट काढून दिली. ती उभ्या-उभ्याच वाचत होती, बोट ओळीवरून हळूहळू सरकत होतं. जर्नलमधल्या रेघांबद्दलच्या ओळीपाशी ते थांबलं.

"हाई खरंच मन्हाबद्दल शे का, मॅडम?" बोलीत कधी आली, तिचं तिलाही कळलं नसावं.

"हो. सगळं खरं आहे."

तिनं पुन्हा तीच ओळ वाचली. मग मान वर करून, तक्रार म्हणून नव्हे, खरंच न समजल्यासारखं विचारलं, "पण मॅडम, त्या जर्नलवर तर तुम्हीच 'अनटायडी' लिहिलं होतं ना?"

"मी वाचलं नव्हतं," मी म्हणाले.

ती "बरं" म्हणाली, प्रिंट दाखल्याशेजारी नीट ठेवली, पाया पडली आणि पारोळ्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून गेली.

आता पत्रं मी स्वतः लिहिते. त्याआधी मुलाची वही मागवते आणि नानांना विचारते. वर्षाला सात-आठच होतात. प्रिन्सिपॉल सर म्हणतात, मॅडम, आपला आकडा फार पडला. त्यांचं बरोबर आहे, पडलाच आहे. ज्याच्याबद्दल आपल्याला चार ओळी लिहिता येत नाहीत, त्याच्यासाठी सही करू नये, एवढंच मी शिकले. ते शिकायला वर्ष मात्र योगिताचं गेलं.