अकोल्याच्या दालमिलमधली ताई

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात पेपर तपासत बसलो होतो. "मंदा गेली रे," एवढंच ते म्हणाले. सकाळी चहा घेताना चक्कर आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... आता काही आठवडे झाले, पण फोन वाजला की अजून तिचाच असेल असं वाटतं.

मंदाताई माझी थोरली बहीण. अचलपूरजवळ आमचा भाजीचा मळा. लहानपणी तिनं विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून पाहिला, तेव्हा बाबांनी डोक्याला हात लावला होता. पण पुढे तिला अमरावतीला इंजिनिअरिंगला पाठवलं ते त्यांनीच. लग्न होऊन ती अकोल्याला गेली आणि तिथल्या दालमिलमधली यंत्रं स्वयंचलित करून द्यायचं काम तिनं सुरू केलं. रिकाम्या फिरणाऱ्या मोटारी आपोआप बंद व्हाव्यात, वीज वाचावी, डाळीचा चुरा कमी पडावा, असं ते काम.

अशाच एका मिलमध्ये ती असताना शांताबाई नावाच्या कामगार बाईची दोन बोटं गेली. तूर वर चढवणाऱ्या पट्ट्यात काड्या अडकल्या होत्या, त्या ती चालू यंत्रातूनच ओढत होती. ताईच तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. त्याच आठवड्यात मी अकोल्याला गेलो होतो. जेवताना ताई ताटावरून तशीच उठली. "मी विजेचा हिशोब करून राहिली होती रे, अन् ते माह्या समोर..."

मग तिनं त्या पट्ट्याच्या झाकणाला कुलूप बसवलं. पट्टा पुरता थांबल्याशिवाय झाकण उघडायचंच नाही आणि झाकण उघडं असेपर्यंत पट्टा सुरू व्हायचा नाही. मालक वैतागले, "मॅडम, तुमी मशीन चालवाले आल्या का थांबवाले?" ताईनं ऐकून घेतलं. पण पुढच्या खेपेला गेली, तर झाकण बंदच आहे असं यंत्राला वाटावं म्हणून कुलपाच्या सेन्सरवर कुणीतरी लोहचुंबक चिकटवलेलं! झाकण उघडं, पट्टा चालू आणि बायांचे हात आत. एव्हाना शांताबाईही कामावर परतली होती.

"कावून केलं हे?" ताईनं विचारलं.

"ताई, पट्टा दर घडीले अडकते," शांताबाईच म्हणाली. "थांबवाले वेळ लागते, मंग मालक ओरडते. आमी का करावं?"

ताई दिवसभर त्या पट्ट्याशी बसून राहिली. तूर एकदम लोटली जाते म्हणून तो तुंबतो, हे तिच्या ध्यानात आलं. काड्या आधीच चाळल्या जातील आणि मोटारीवर ताण पडला की येणारी तूर आपोआप कमी होईल, अशी सोय तिनं केली. पट्टा क्वचितच अडकू लागला. वीजही कमी लागू लागली, मालक निवळले. मग लोहचुंबक बायांनीच काढून फेकलं. "त्यायच्यावर चिडून का होते?" ताई मला फोनवर म्हणाली. "त्यायले काम तर करता आलं पायजे ना..."

परवा भाऊजींसोबत त्या मिलमध्ये गेलो. पट्टा साफ करायची वेळ होती. शांताबाईनं पट्टा बंद करायचं बटण दाबलं आणि सगळ्या बाया झाकणाभोवती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. मी पाहतच राहिलो.

"ताईनं लावली सवय," शांताबाई म्हणाली. "पट्टा थांबेपर्यंत हात मांगं."

पट्ट्याची घरघर हळूहळू उतरत गेली. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांचेही हात पाठीमागे होते... आणि माझेही.