दोनच तर गोळ्या घेतल्या

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये फ्रिजवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात बिस्किटं कधीच नव्हती. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या होत्या. घरात कुणी शिंकलं की डबा खाली उतरे. शेजारपाजारचे विरजण मागायला यावं तसे गोळी मागायला येत, आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून, फाइल मंजूर केल्याच्या थाटात गोळी देत. "दोन घे. बरं वाटलं की बंद कर."

मी तेव्हा आरोग्यहक्काची पत्रकं लिहीत आणि वाटत होतो. एक या डब्यावरही लिहिलं. बाबांनी त्याची घडी करून डब्याच्या तळाशी घातली. गोळ्यांना दमट हवा लागू नये म्हणून.

दादाची मुलगी चार वर्षांची होती. घसा दुखला, डबा. कान दुखला, डबा. मग जुलाब लागले, तर जुलाबांवरही डबाच. शेवटी लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, औषधांनी आतड्यातले उपयोगी जंतू मेले आणि मोकळ्या जागेत एक चिवट जंतू येऊन बसला. त्याच्यावरचं औषध चालू असलं की पोरगी बरी, बंद केलं की पुन्हा रक्त-शेम. नर्सरीत जाणारी पोर परत डायपरवर आली. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. वहिनी तिला आंघोळ घालताना तिच्या बरगड्यांकडे बघायची नाही.

दुखणं तिसऱ्यांदा उलटल्यावर बाई म्हणाल्या, आता एकच चांगला उपाय. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, पातळ करून गाळायची आणि नळीने मुलीच्या आतड्यात सोडायची. म्हणजे चांगले जंतू परत वस्ती करतील.

घरी आल्यावर आजीने कानांवर हात ठेवले. "शिव शिव! माणसाची?"

ज्या घरात देव्हाऱ्याखाली गोमूत्राची बाटली आहे, त्या घरात हा प्रश्न! मी तसं म्हणालो.

"गाय वेगळी," आजी म्हणाली.

"हो. गाय डब्यातल्या गोळ्या खात नाही."

"तू गप रे," दादा म्हणाला. "पोरीचं बघू दे."

वहिनीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मला चालेल. कुणाचीही. उद्या." त्यानंतर विरोध संपला आणि निवड सुरू झाली. स्थळ बघावं तशी. आजीची अट, शाकाहारी हवा. आईची अट, घरातलाच हवा. सीनियॉरिटीने बाबांनी स्वतःचं नाव पुढे केलं. खात्यात कधी मिळाली नाही ती बढती इथे मिळाल्यासारखे ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

बाईंनी विचारलं, "पिछले कुछ महीनों में कोई एंटीबायोटिक?"

"बिल्कुल नहीं," बाबा.

आजी शेजारीच होती. "अरे, परवा खोकल्यावर नाही का घेतल्यास?"

"आई, दोनच तर गोळ्या घेतल्या! कोर्स कुठे केला?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. दोन गोळ्याही औषधच असतात, हे बाबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग एकेकाची चौकशी झाली. माझ्या आईनेही दोनच. दादाने तीन, पण वेगवेगळ्या. वहिनीचा दाताचा कोर्स नुकता संपलेला. मी गोळी शिवत नव्हतो, पण दंडावर 'आरोग्य आमच्या हक्काचं' असं ताजं गोंदवलेलं. ताजी सुई टोचलेली माणसंही चालत नाहीत. चळवळीने मलाही बाद केलं.

"और कोई रिश्तेदार?" बाईंनी विचारलं.

बाबांना एक बहीण होती, फरीदाबादला. कारखान्यातल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याशी लग्न केलं म्हणून आजीने तिला घर बंद केलं होतं. त्यामुळे आमचा डबा तिच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. बहिष्काराचा एवढा फायदा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

बाबांनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून फोन लावला. प्रस्तावनाच बराच वेळ चालली. आत्या शेवटी म्हणाली, "दादा, काय हवंय ते एकदा नीट बोल."

बाबा बोलले. पलीकडून मोठ्ठं हसणं. "इतक्या वर्षांनी माहेरच्यांनी माझ्याकडे काही मागितलं, आणि ते हे! येते. पोरीला जेवायला घाल."

तिच्या सगळ्या तपासण्या साफ निघाल्या. आजीने फक्त "मटण खाते का ती अजून?" एवढं विचारलं. वहिनी म्हणाली, "खाऊ दे." नळी घातली तेव्हा आत्या बाहेर बाकावर वहिनीचा हात धरून बसली होती. आजी दुसऱ्या टोकाला, पदर सावरत.

काही दिवसांनी एका सकाळी वहिनी न्हाणीघरातून ओरडली, "घट्ट झाली!" आम्ही सगळे धावलो. पुतणी पॉटवर बसून आमच्याकडे संशयाने बघत होती, आणि मग म्हणाली, "भूक लागली."

बाबांनी लगेच फरीदाबादला फोन लावला. आजी मागे उभी होती. तिने हात पुढे केला आणि फोन कानाला लावला. माफीबिफी आमच्याकडे मागत नाहीत.

"तुझं पोट साफ होतं ना गं रोज?" आजीने विचारलं.

पलीकडून आत्या काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. आजी स्टुलावर बसली आणि ऐकत राहिली.